भाग २३ : सिमला जागाच नसलेला फोन

(तेविसाव्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'अं...' आणि 'म्हणजे' बरेचसे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की जुन्या फोनवर कधी बोलणार. तर आज बोलतो. पण आधी एक गोष्ट सांगतो, मग फोनांकडे वळू.

डिसेंबर २०११. मी तेव्हा सांगलीत, बारावीत. माझा मामा न्यू जर्सीला असतो. तो दोन वर्षांनी येणार होता आणि माझ्यासाठी त्याचा अँड्रॉइड फोन आणणार होता. त्याचा तिकडचा दोन वर्षांचा करार संपला होता, त्याने नवा घेतला, जुना मला. जुना म्हणजे काय, आमच्यासाठी तो विमानातून उतरलेला फोन! वर्गात मी दोन महिने आधीपासून सांगत सुटलो होतो. बाबांनी तर दिवाळीला मला फोन घेऊन द्यायचा बेत रद्द केला. म्हणाले, "मामा आणतोय ना, मग कशाला दुप्पट खर्च?"

मामा आला. बॅगेतून मोज्यात गुंडाळलेला फोन काढला. जड, काळा, सरकवला की खालून कीबोर्ड बाहेर येणारा. मी मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली, आणि सिम घालायची जागा शोधायला लागलो. बॅटरीखाली बघितलं, कडेला बघितलं. मेमरी कार्डाची जागा होती, पण सिमची नव्हती. बाबांनी चष्मा लावून बघितलं. शेवटी आम्ही गणपती पेठेतल्या एका मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने फोन हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "अहो, ह्यात सिम नसतंच. हा सीडीएमए आहे. तिकडच्या कंपनीचा. इथे ह्याचा घड्याळ म्हणून उपयोग होईल."

फोन कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण खरं तर तिचा काही दोष नव्हता. दोष आमच्या अज्ञानाचा. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा एक प्रश्न पडला. मामाने दोन वर्षं दर महिन्याला पैसे भरले, फोन त्याच्या नावावर, आता माझ्या हातात. तरी तो आपला का नाही?

आजचा सगळा भाग याच प्रश्नाचा आहे. कारण सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांची तुलना करताना लोक प्रोसेसर, रॅम आणि कॅमेऱ्यावर बोलतात. माझं म्हणणं असं की तेव्हा फोनच्या पडद्यावर तुम्हाला काय दिसेल हे त्या चिपने ठरत नव्हतं. फोन तुम्हाला कोण विकतंय त्यावर ठरत होतं.

आता मागे जाऊ. २००८. तुमच्यापैकी काही जण तेव्हा बालवाडीत असतील! २३ सप्टेंबर २००८ ला न्यूयॉर्कमध्ये पहिला अँड्रॉइड फोन जाहीर झाला आणि २२ ऑक्टोबरला विक्रीला आला. बनवला तैवानच्या एचटीसीने, प्रणाली गूगलची, पण नाव काय? टी-मोबाईल जी वन. म्हणजे बारशाला आत्या कोण, तर सिमकार्ड विकणारी कंपनी. दोन वर्षांचा करार केलात तर १७९ डॉलर, तेव्हाच्या भावाने साडेआठ-नऊ हजार रुपये.

हा जी वन दिसायला अगदीच ओबडधोबड. खालचा भाग हनुवटीसारखा पुढे आलेला, त्यावर एक छोटा गोल ट्रॅकबॉल. पडदा ३.२ इंचाचा. आज आपल्या हातातले फोन साडेसहा इंचांचे आहेत, म्हणजे अर्धाच म्हणा. पडदा बाजूला सरकवला की पाच ओळींचा कीबोर्ड. आणि तो कीबोर्ड हौसेचा नव्हता हां, गरजेचा होता, कारण पडद्यावरचा कीबोर्ड अँड्रॉइडमध्ये तेव्हा नव्हताच! तो आला एप्रिल २००९ मध्ये, १.५ आवृत्तीत, जिचं नाव कपकेक. व्हिडिओ काढायची सोयही तेव्हाच आली. हेडफोनचं नेहमीचं भोकसुद्धा नव्हतं, वेगळी पिन लागायची. आता तुम्ही म्हणाल, आजच्या फोनमध्ये तरी कुठे आहे? बरोबर आहे, जग गोल आहे.

पण एक गोष्ट त्या ओबडधोबड फोनात होती जी आजही तुम्ही दिवसातून दोनशे वेळा करता. वरून बोट खाली ओढायचं आणि नोटिफिकेशनचा पडदा उघडायचा. ही पहिल्या दिवसापासून होती. आयफोनवर तशी सोय यायला २०११ उजाडलं.

या फोनची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये असं उघडकीला आलं की जी वनवर तुम्ही कुठेही काहीही टाईप केलं, तरी ते मागच्या मागे फोनच्या मूळ यंत्रणेला आज्ञा म्हणूनही पोचतंय. म्हणजे कुणाला मेसेज लिहिताना तुम्ही 'रीबूट' हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबलंत, तर फोन खरोखर बंद होऊन परत चालू व्हायचा! गूगलने लगेच दुरुस्ती केली. पण काही हुशार पोरांनी त्याच फटीतून आत शिरून फोनचा पूर्ण ताबा मिळवला, आपण ज्याला रूट करणं म्हणतो ते. पुढे अँड्रॉइडच्या बदललेल्या आवृत्त्या बनवणाऱ्यांची जी परंपरा सुरू झाली, सायनोजेनमॉड वगैरे, तिचा जन्म याच फोनवरचा. थोडक्यात, पहिल्याच फोनपासून ओढाताण सुरू झाली. कंपनी म्हणते फोन आमचा, पोरं म्हणतात आमचा.

आता कंपन्यांकडे येऊ. अमेरिकेत तेव्हा चार मोठ्या कंपन्या. टी-मोबाईल आणि एटी अँड टी यांचं जाळं जीएसएम, म्हणजे सिमवालं. व्हेरायझन आणि स्प्रिंट यांचं सीडीएमए, तिथे सिम नाहीच, नंबर फोनच्या पोटातच बसवलेला. आपल्याकडेही हा प्रकार होता. रिलायन्सने २००३ साली ५०१ रुपयांत फोन हातात दिले होते ना, ते सीडीएमएच. पण आपल्याकडे बहुतेक लोकांचा मार्ग वेगळा. फोन एका दुकानातून घ्यायचा, सिम दुसऱ्याचं, रिचार्ज कोपऱ्यावरच्या पानटपरीवर. अमेरिकेत बहुतेक जण फोन घ्यायचे ते सेवा देणाऱ्या कंपनीच्याच दुकानातून, करारावर.

आणि गंमत अशी की सिमवाल्या दोन कंपन्यांमध्येसुद्धा सरळ मार्ग नव्हता. टी-मोबाईलचं थ्रीजी एका वेगळ्याच वारंवारतेवर, १७०० मेगाहर्ट्झवर. एटी अँड टीचं ८५० आणि १९०० वर. तुम्ही जी वन रीतसर अनलॉक करून एटी अँड टीचं सिम घातलंत, तरी फोन लागेल, पण थ्रीजी मिळणार नाही. कुलूप निघालं, पण दार अर्धंच उघडलं!

नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझनने एकाच दिवशी दोन फोन विकायला काढले. हा माझा आवडता नमुना आहे, म्हणून जरा थांबतो. एक मोटोरोला ड्रॉइड, २०० डॉलरला. दुसरा एचटीसीचा ड्रॉइड इरिस, १०० डॉलरला. 'ड्रॉइड' हा शब्द स्टार वॉर्सवाल्या लुकासफिल्मचा, व्हेरायझनने तो परवानगी काढून वापरला. दोन्ही एकाच दुकानात, एकाच कुळनावाने. पण मोटोरोलाच्या ड्रॉइडवर अँड्रॉइड २.०, कोरंकरकरीत, वर काहीही साज न चढवलेलं, गूगलच्या नकाशावर बोलून रस्ता सांगणारी सोय फुकट. आणि इरिसवर १.५, त्यावर एचटीसीचं सेन्स चढवलेलं. विकणारी कंपनी एक, दिवस एक, आणि आत दोन वेगळी जगं. गिऱ्हाईकाला काय कळणार? तो म्हणणार, मला ड्रॉइड द्या.

हे सेन्स म्हणजे काय, तर अँड्रॉइडवरचं पांघरूण. तेव्हा प्रत्येक कंपनीने आपलं पांघरूण विणलं. एचटीसीचं सगळ्यात देखणं, २००९ च्या हिरो या फोनवर पहिल्यांदा आलं. मोठं घड्याळ, पानं उलटणारे आकडे, मागे हवामान. एकावर दोन असे सात होम स्क्रीन... म्हणजे एका रांगेत सात, माफ करा. ते घड्याळ मी इतकं बघितलंय की आजही डोळे मिटले तर दिसतं. पण पांघरूण जड होतं. हिरो अडखळायचा. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की आधी एचटीसीने पांघरूण परत विणायचं, मग सेवा देणाऱ्या कंपनीने तपासायचं, मग ते तुमच्यापर्यंत. हिरोवर १.६ आलंच नाही, थेट २.१ आलं, तेही २०१० च्या मध्याच्या सुमाराला.

मोटोरोलाचं मोटोब्लर होतं. तुमच्या सगळ्या मित्रांच्या पोस्ट होम स्क्रीनवर तरंगत ठेवायच्या. कल्पना ऐकायला बरी, वापरायला कोलाहल. सोनी एरिक्सनच्या एक्स टेनवर टाइमस्केप, त्यात मेसेज आणि फोटो पत्त्यांसारखे एकामागे एक घसरत यायचे. दिसायला सुंदर, पण तो फोन २०१० मध्ये आला तेव्हा आत १.६, जेव्हा बाकीचे २.१ वर होते. याच्यावर जास्त बोलत नाही.

सॅमसंगवर मात्र बोललं पाहिजे. जून २०१० मध्ये गॅलॅक्सी एस आला. ४ इंचांचा, पडदा सुपर एमोलेड, वर टचविझचं पांघरूण. खाली चार चिन्हांची पट्टी, ॲपच्या चिन्हांमागे रंगीत चौकोन, पानं आडवी सरकणारी. ओळखीचं वाटतंय ना? ॲपललाही वाटलं, एप्रिल २०११ मध्ये त्यांनी खटलाच भरला.

पण आपल्या विषयाला लागणारी गोष्ट वेगळी. आपल्याकडे आणि युरोपात हा फोन गॅलॅक्सी एस म्हणूनच मिळाला. अमेरिकेत? एटी अँड टीकडे त्याचं नाव कॅप्टिव्हेट. टी-मोबाईलकडे व्हायब्रंट. व्हेरायझनकडे फॅसिनेट. आणि स्प्रिंटने तर त्याला सरकणारा कीबोर्ड लावून घेतला आणि नाव ठेवलं एपिक फोर-जी. एकाच आईची चार मुलं, चार आडनावांची. प्रत्येकाचं अपडेट वेगळं. २.२ आवृत्ती बाकी जगात २०१० च्या शेवटीशेवटी पोचली, अमेरिकेतल्या या चौघांना २०११ ची वाट बघावी लागली.

आणि ते फॅसिनेट! ऐका. अँड्रॉइड गूगलचं. गूगलचं पोट शोधण्याच्या धंद्यावर चालतं. आणि व्हेरायझनच्या या अँड्रॉइड फोनवर शोधायला काय दिलेलं, तर मायक्रोसॉफ्टचं बिंग. कारण व्हेरायझनचा मायक्रोसॉफ्टशी करार. एटी अँड टीने तर आपल्या पहिल्याच अँड्रॉइड फोनवर, मार्च २०१० च्या मोटोरोला बॅकफ्लिपवर, गूगल काढून याहू बसवलं. वर बाहेरून ॲप घालायची सोयच बंद करून टाकली. तुम्ही एपीके डाउनलोड करून टाकता ना, सेटिंगमध्ये एक टिक करून? ती टिकच गायब. पुढे मार्च २०११ मध्ये ॲमेझॉनने स्वतःचं ॲप स्टोअर काढलं, त्यानंतर त्यांनी ती अडवणूक सोडली.

गूगलला हे दिसत नव्हतं असं नाही. ५ जानेवारी २०१० ला त्यांनी नेक्सस वन आणला. वर कुठलंच पांघरूण नाही, आणि विकायचा फक्त गूगलच्या वेबसाइटवर. करार नको असेल तर ५२९ डॉलर, टी-मोबाईलच्या करारासह १७९. विचार धाडसी होता: आधी फोन निवडा, मग कंपनी निवडा. आपल्याला यात काय विशेष, आपण कायम असंच केलंय! पण तिकडे लोकांना फोन हातात घेऊन बघायची सवय, आणि ५२९ हा आकडा १७९ च्या शेजारी राक्षसासारखा दिसायचा. खरी किंमत पहिल्यांदाच पडद्यावर आली होती, एवढंच. व्हेरायझनसाठीचा नेक्सस येणार येणार म्हणता आलाच नाही. काही महिन्यांत ते वेबदुकान गूगलने बंद केलं.

आता इकडे येऊ. भारतात पहिला अँड्रॉइड फोन २००९ च्या मध्यावर आला, एचटीसी मॅजिक, एअरटेलमार्फत, तीस हजारांच्या आसपास. तिकडे जो फोन 'स्वस्तात' मिळतो तो इकडे तीस हजारांना का, यावरून तेव्हा लोक चिडले होते. वर्षभर आधी आयफोन थ्रीजी ३१,००० ला आला तेव्हाही हेच. पण ते स्वस्त नव्हतंच हो, तिकडे ते पैसे दोन वर्षांच्या बिलातून जायचे. आपण रोख मोजत होतो, ते हप्त्याने. मोबदल्यात आपल्या फोनवर कोणाचं बिंग नाही, कोणाचं याहू नाही, सिम वाटेल ते घाला. २० जानेवारी २०११ पासून तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली.

अर्थात एक लोचा होता. फोन थ्रीजी, जाळं टूजी! मॅजिक आला तेव्हा थ्रीजी होतं फक्त एमटीएनएल आणि बीएसएनएलकडे. खाजगी कंपन्यांचा लिलाव झाला २०१० मध्ये, आणि सेवा सुरू झाल्या त्या वर्षाच्या शेवटापासून. तोवर तीस हजारांचा फोन घेऊन माणूस नकाशाचा एक-एक चौकोन भरायची वाट बघत उभा.

मग स्वस्त फोनांची लाट आली. २०१० च्या शेवटी एलजीचा ऑप्टिमस वन, तेरा हजारांच्या आसपास, आत २.२ आणि वर फारसा साज नाही. माझ्या मते त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक फोन. मायक्रोमॅक्सचा ए सिक्स्टी सात हजारांच्या आत-बाहेर. आणि २०११ च्या अखेरीस सॅमसंगचा गॅलॅक्सी वाय, जो कॉलेजात दर तिसऱ्या मुलाकडे. त्यात ॲपसाठी जागा किती? १८० एमबी. जीबी नाही, एमबी! व्हॉट्सॲप, फेसबुक आणि एक गेम टाकला की वर पिवळा त्रिकोण, जागा संपली. मग कुणाचं फेसबुक ठेवायचं, कुणाचा गेम काढायचा, असा रोजचा संसार.

आता माझ्या बिनसिमच्या फोनचं काय झालं ते सांगतो. तो चालूच होईना, कारण पहिल्याच पडद्यावर तो तिकडच्या कंपनीला फोन लावायला बघायचा. हिरवा अँड्रॉइड उभा, म्हणतोय मला हात लाव, आणि हात लावला की अडलं. सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून मी उपाय शोधला. पडद्याच्या चार कोपऱ्यांवर बोट ठेवायचं, वरच्या डाव्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. केलं. आणि तो उघडला! मंत्र टाकल्यासारखा. मी ओरडलो तेव्हा आई पोळ्या टाकून धावत आली.

सहा महिने तो फोन मी वरच्या मजल्यावरच्या काकांच्या वायफायवर वापरला. फोन लागायचा नाही, पण बाकी सगळं. त्यावर पहिल्यांदा मराठी वेबसाइट उघडली आणि काय दिसलं? चौकोन. रांगच्या रांग रिकामे चौकोन. कारण अँड्रॉइडच्या त्या आवृत्त्यांत देवनागरीचा फॉन्टच नव्हता. ज्यांचे फोन रूट केलेले, ते फॉन्ट आत ढकलायचे, काही कंपन्यांनी इकडच्या फोनमध्ये आपल्या पदरचा घातलाही होता. पण नुसता फॉन्ट असून भागत नाही. आपली अक्षरं एकमेकांना धरून बसतात ना, ते फोनला कळावं लागतं. नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे यायची ती मागे जाऊन बसायची, आणि जोडाक्षरांचे पाय मोडून पडायचे.

तेव्हाचा एक रामबाण उपाय होता, जुन्या श्रोत्यांना आठवेल. ऑपेरा मिनी टाकायचं, पत्त्याच्या जागी ऑपेरा, मग कोलन, मग कॉन्फिग असं लिहायचं. एक यादी उघडायची, तिच्या तळाशी गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरं वापरू का, असा प्रश्न. तिथे 'येस' करायचं. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराचं चित्र करून पाठवायचा. डेटा जास्त जायचा, पण मराठी वाचता यायचं! त्या काळातल्या कितीतरी मराठी ब्लॉगांवर ही युक्ती असायची.

पण ऑपेरा मिनी वेबसाइट दाखवायचं. एसएमएस नाही.

जून २०१२ मध्ये मी इंजिनिअरिंगला पुण्याला आलो. बाबांनी मला सिमवाला अँड्रॉइड घेऊन दिला, साडेसात हजारांचा. कंपनीचं नाव नको. आत २.३. बाबा दूध डेअरीत हिशेब लिहायचे, त्यांच्याकडे नोकियाचा साधा फोन, बटणांवर देवनागरी छापलेली. ते मेसेज मराठीतच करायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं त्यांना शिळ्या भातासारखं वाटायचं. मराठी एसएमएसमध्ये एका वेळी ७० च अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०, हे त्यांना अनुभवाने माहीत. म्हणून तोलूनमापून लिहायचे. आणि रोज रात्री नऊच्या सुमाराला माझ्या फोनवर यायचे... चौकोन.

मी त्यांना सांगितलं नाही. का? त्यांनी साडेसात हजार मोजले होते. आणि मला वाटायचं, असून असून काय असणार, जेवलास का, एवढंच. मी आपलं रोज उत्तर द्यायचो, "हो बाबा."

सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या दिवसांत, एका रात्री चौकोन आले. मी 'हो बाबा' पाठवलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी परत आले, जरा जास्त. परत 'हो बाबा'. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. रडवेली. "अरे, दोनदा 'हो' म्हणालास, मग निघाला का नाहीस? आजी सारखी दाराकडे बघतेय."

आजी घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होतं. बाबांनी परीक्षेच्या वेळेला त्रास नको म्हणून फोन न करता मेसेज केला होता, जमेल का यायला, असं विचारून. मी तो मेसेज खोलीतल्या मित्राच्या जुन्या नोकियावर फॉरवर्ड केला. तिथे तो लख्ख मराठीत उघडला. तोच मेसेज, माझ्या फोनमधून गेलेला. म्हणजे अक्षरं माझ्याकडे पूर्ण आली होती, फक्त माझ्या फोनला ती काढता येत नव्हती. सात हजारांच्या फोनला जे जमत नव्हतं ते पंधराशेच्या फोनला जमत होतं.

मी त्या रात्रीच्या एसटीने गेलो. आजी वाचली, पुढे काठी घेऊन फिरायला लागली, मला त्यावरून टोमणेही मारायची. बाबा काही बोलले नाहीत. पण मी खरं सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या आठवड्यापासून मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहायला सुरुवात केली. अडखळत, चुकीच्या स्पेलिंगने. कारण पोराच्या फोनला ते कळायचं. फोन मी बदलायला हवा होता, बदलले ते.

देवनागरीचा आधार अँड्रॉइडमध्ये ४.० पासून आला, पुढच्या आवृत्त्यांत सुधारत गेला. २०१३ मध्ये आयआयटी मुंबईचा स्वरचक्र कीबोर्ड आला, मग लिहिणंही सोपं झालं. पण माझ्या साडेसात हजारांच्या फोनला ४.० कधीच मिळालं नाही. त्याच्यावर कोणत्याही अमेरिकन कंपनीचं कुलूप नव्हतं. बनवणाऱ्यांनी विकला आणि विसरले. तिकडच्या चार आडनावांच्या गॅलॅक्सीला हसत होतो ना आपण मघाशी? त्यांना अपडेट उशिरा का होईना, आलं.

२०१४ मध्ये मी नवा फोन घेतला. जुन्यातले मेसेज एका बॅकअप ॲपने फाईल करून नव्यात आणले. सगळे एकदम उघडले. जून ते सप्टेंबर २०१२ चे ते सगळे चौकोन, आता अक्षरं झालेले. मी खाटेवर बसून ओळीने वाचले. बरेचसे खरंच 'जेवलास का' होते. 'पाऊस आहे का तिकडे.' 'आईने चिवडा पाठवलाय, पार्सल घे.' आणि एक ऑगस्टमधला होता:

'पैसे कमी पडत असतील तर सांग. लाजू नकोस. आईला कळवणार नाही.'

खाली माझं उत्तर. 'हो बाबा.'

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमचा पहिला अँड्रॉइड कुठला होता ते खाली लिहा, आणि मराठीत लिहा. भेटू पुढच्या भागात.